म्हातारा कुत्रा कोणाचा?

ज्या प्राण्याने आयुष्यभर आपले दार राखिले, तो दार राखावयास असमर्थ झाला म्हणजे त्याचे आपणांकडे काही येणे उरते काय? आणि तो आपला नसून दुसऱ्याचा असला, व त्या दुसऱ्याने त्यास मागे टाकिले असले, तर त्याचा भार आपण का म्हणून वाहावा? हे दोन प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक दिसतात. आमच्या वाचकांपैकी कित्येक म्हणतील की, खेड्यापाड्यांत माणसांचीच दुःखे काय थोडी आहेत, म्हणून कुत्र्याच्या म्हातारपणावर लेख लिहावयाचा! आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु एका प्रसंगाने आमचा तो समज मोडला. तो प्रसंग आधी जसा घडला तसा सांगतो, आणि मग त्यावरून जे विचार सुचले ते वाचकांपुढे ठेवितो.

२०२३ सालच्या दसऱ्यानंतरची ही गोष्ट. आमच्या देखरेखीखालील एका खेड्यातून दर वर्षाप्रमाणे ऊसतोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या. ज्यांची बैलगाडी असते त्यांची कुत्री गाडीच्या सावलीने चालत चालत बरोबर जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊकच आहे. परंतु ही टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघाली. भांडी, कोयते, ताडपत्री, शेळ्या, लहान पोरे, अशी ती ट्रॉली शिगोशीग भरली होती. एका बिऱ्हाडाचा कुत्रा बारा-तेरा वर्षांचा. त्याला वर चढवेना, आणि जागा नाही म्हणून मुकादमाने त्यास घेऊ दिले नाही. ट्रॅक्टर हलला तेव्हा तो काही अंतर मागे धावला, आणि दम संपला तेथे, म्हणजे गावाबाहेरच्या पुलापाशी, बसून राहिला.

त्या पुलावरून आमचे आठवड्यातून दोनदा जाणे-येणे असते. पहिल्या खेपेस आम्हांस कुत्रा दिसला. दुसऱ्या खेपेस त्याच्या फासळ्या दिसल्या. तिसऱ्या खेपेस त्याच्या कानामागे जखम झाली असून तिच्यावर माश्या घोंगावत आहेत असे दिसले. आणि आम्ही मोटारसायकलचा वेग वाढविला. त्या रविवारी आमच्या उपदेशाचा विषय शेजारधर्म हा होता, ही गोष्ट येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

जे आम्ही केले नाही ते आमच्या मंडळीतील एका विधवा बाईने केले. तिचे वय साठीच्या पुढे, उदरनिर्वाह मोलमजुरीवर. तिने खताचे एक रिकामे पोते नेले, कुत्र्यास त्यावर निजविले, आणि नातवाच्या मदतीने उचलून, मधूनमधून खाली ठेवीत, आपल्या पडवीत आणिले. आम्हांस हे कळले तेव्हा आम्ही जाऊन तिला म्हणालो, “मावशी, हा दुसऱ्याचा कुत्रा. उद्या त्याचा धनी आला तर काय म्हणाल?” ती म्हणाली, “धनी आला तर देऊन टाकीन, पाळकसाहेब. पण तोवर तो जगला तर पाहिजे ना?” ह्या उत्तरापुढे आम्हांस पुढला प्रश्न सुचला नाही. मग आमच्या हातून एवढेच घडले की, दुसऱ्या दिवशी एक रिक्षा ठरवून आम्ही त्यास तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले.

तेथे जे समजले ते सांगणे उपयोगाचे आहे. कारण म्हाताऱ्या जनावरावर दया करावी असे पुष्कळांस वाटते, पण ती कशी करावी हे थोड्यांस ठाऊक असते, आणि अज्ञानाने केलेली दया कधीकधी घात करिते. डॉक्टरांनी जखमेतील किडे काढून ती धुतली, जंताचे औषध दिले, गोचिड्या काढावयास लाविल्या, आणि अंगात थोडी शक्ती येताच पिसाळरोगाची लस टोचिली. ते म्हणाले, उपाशी राहिलेल्या प्राण्यापुढे एकदम भरलेले ताट ठेवू नये. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे मऊ अन्न द्यावे. मोठ्या वयाच्या पुष्कळ कुत्र्यांस दूध पचत नाही, त्याने हगवण लागते. शिजविलेल्या कोंबडीचे हाड देऊ नये, ते मोडून त्याची अणकुची आतड्यात रुतते. आणि पाय दुखतात म्हणून माणसाची गोळी तर मुळीच देऊ नये; आपल्या घरात ताप-अंगदुखीवर ज्या गोळ्या असतात त्यांपैकी कित्येक कुत्र्याचे यकृत किंवा मूत्रपिंड बिघडवितात. त्याच्या डोळ्यांवर निळसर धुके दिसत होते, त्यावरून तो आंधळा झाला असे आम्ही समजलो होतो; पण वयाने येणारे तसे धुके म्हणजे नेहमीच आंधळेपण नव्हे, असे कळले. ऐकू मात्र त्यास फारच कमी येत होते. म्हणून निजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यास एकाएकी हात लावू नये, तो दचकून चावतो, आणि मग लोक त्याला दुष्ट म्हणतात. आधी जमिनीवर पाऊल आपटून त्यास जाणीव द्यावी, हेही तेथेच शिकलो.

एका महिन्यात त्याचे अंग भरले. मन भरावयास मात्र अधिक काळ लागला. दर संध्याकाळी तो लंगडत पुलाकडे जाई आणि ट्रॅक्टर ज्या वाटेने गेला त्या वाटेकडे तोंड करून बसे. बाईने त्यास दाव्याने बांधिले नाही. दिवेलागणीस ती पुलापर्यंत चालत जाई आणि त्यास परत घेऊन येई. बांधिले असते तर तिचे रोजचे चालणे वाचले असते. परंतु ती म्हणे, त्याला वाट पाहायची आहे तर पाहू द्या.

आता ह्या प्रसंगात नीतीचा प्रश्न कोठे आहे तो पाहू.

पहिला प्रश्न धन्याचा. ज्याने सेवा केली तो सेवा करावयास असमर्थ झाला म्हणजे त्याचा संबंध संपला काय? फार प्राचीन काळी प्लुटार्क नावाच्या ग्रीक ग्रंथकाराने रोममधील केटो ह्या प्रख्यात पुरुषाचे चरित्र लिहिले. हा केटो मोठा काटकसरी. तो म्हातारे झालेले गुलाम विकून टाकी, आणि स्पेनच्या मोहिमेत ज्या घोड्यावर तो बसला तो घोडा त्याने तेथेच सोडिला, का, तर त्यास जहाजातून परत आणण्याचा खर्च सरकारवर पडू नये. आमच्या काळातील हिशेबनीस ह्या गोष्टीची वाहवा करतील. परंतु प्लुटार्क तेथे थांबून म्हणतो की, ही काटकसर थोरपणाची होती की क्षुद्रपणाची, हे वाचकाने ठरवावे. त्याच्या मते न्यायाची कक्षा माणसांपुरती असली तरी दयेची कक्षा तिच्याहून मोठी आहे. आणि जीव असलेली वस्तू म्हणजे झिजले की फेकून द्यावयाचे पायताण नव्हे. ह्याच ठिकाणी तो अथेन्सच्या लोकांची आठवण देतो. तेथे मोठे मंदिर बांधिले जात असता ज्या खेचरांनी दगड वाहिले, त्यांस काम संपल्यावर मोकळे चरावयास सोडिले होते.

ह्या विचारास आधुनिक काळी कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने निराळे रूप दिले. तोही म्हणतो की, ज्या कुत्र्याने दीर्घकाळ इमानाने चाकरी केली, त्यास म्हातारपणी मरेपर्यंत सांभाळणे धन्यास उचित आहे. परंतु त्याचे कारण तो असे देतो की, पशूच्या ठायी कठोर होणारा मनुष्य माणसांच्या ठायीही कठोर होऊ लागतो. म्हणून पशूंविषयीचे कर्तव्य हे वस्तुतः मनुष्यजातीविषयीचेच कर्तव्य होय. हे म्हणणे खरे आहे, पण ते अपुरे आहे असे आम्हांस वाटते. मुलाने धुळीत अक्षरे गिरवावी तशी आपण कुत्र्यावर दया गिरवावी, आणि खरी दया पुढे माणसांवर करावी, असा त्याचा अर्थ होतो. मग त्या भुकेलेल्या जिवाच्या पोटातील आग ही आपल्या गिरवण्याची धूळच काय? ती आग त्याची त्यास जाळीत असते, कोणी पाहो अथवा न पाहो. इंग्लंडातील बेन्थम ह्याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याच मर्मावर बोट ठेविले आहे. त्याच्या मते प्राण्यास बुद्धी किती किंवा वाचा आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. त्यास वेदना होतात की नाही, हा खरा प्रश्न.

आमचे शास्त्रज्ञ वाचक येथे पौलाचा आधार घेतील. बैलाच्या मुसक्या बांधू नये ह्या नियमशास्त्रातील आज्ञेचा अर्थ त्याने माणसांकडे लाविला आहे, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु ती आज्ञा माणसाच्या उपयोगी पडण्याकरिता सुद्धा प्रथम बैलाचे तोंड मोकळे राहावे लागते. ज्याच्या खळ्यात बैल मुसके बांधून फिरतो, त्याने त्या वचनावर कितीही सुंदर उपदेश केला तरी व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न ज्यास कुत्रा सापडला त्याचा आहे, आणि आमच्या मते तो अधिक बिकट आहे. धन्यावर ऋण आहे. त्याने चाकरी घेतली आहे. परंतु त्या विधवेने काय घेतले होते? तो कुत्रा तिच्या दारी एक रात्र जागला नव्हता. म्हणजे कृतज्ञतेचा जो आधार कांटाने सांगितला तो येथे लागू पडत नाही. पिलू घरी आणिले तर ते पुढे घर राखील, अशी आशा तरी असते. म्हाताऱ्या कुत्र्याविषयी तीही नाही. मागली चाकरी दुसऱ्याची, पुढली चाकरी कोणाचीच नाही. मग तिचे कर्तव्य कोठून उत्पन्न झाले?

ह्याचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात आहे, आणि ते इतके साधे आहे की आपण ते वाचून पुढे जातो. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्यास सोडून जाऊ नये, हातभार लावावा, असे तेथे सांगितले आहे. ते गाढव आपले नव्हे. त्याने आपले ओझे कधी वाहिले नाही. त्याचा धनी आपला हितचिंतक नव्हे. कर्तव्याचे कारण एकच, ते म्हणजे ते आपणांस दिसले. दुसऱ्या एका ठिकाणी असे आहे की, भावाचे भटकलेले जनावर आढळले तर त्याच्याकडे काणाडोळा करू नये. धनी दूर असला तर ते आपल्या घरी आणून ठेवावे, आणि तो शोधीत आला म्हणजे त्यास परत द्यावे. “धनी आला तर देऊन टाकीन” असे मावशी म्हणाली तेव्हा तिने हे वचन पाठ केले होते असे नाही. तिला अक्षरओळख नाही. पण आम्हांस ते पाठ होते, आणि तरी आम्ही पुलावरून वेग वाढवून गेलो. दिसणे आणि पाहणे ह्यांत अंतर आहे ते हेच.

आता आक्षेपांचा विचार करू. मंडळीच्या एका बैठकीत आमच्या शाळेतील गुरुजी उठून म्हणाले, “टोळीबरोबर गेलेल्या पोरांची शाळा बुडाली, त्यांची काळजी कोणास नाही; आणि येथे कुत्र्याला अंडी चारण्याचे कौतुक चालले आहे!” हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गुरुजी स्वतः त्या पोरांकरिता झटणारे आहेत, म्हणून त्यांस तो बोलण्याचा अधिकार होता. आणि आम्ही स्पष्ट सांगतो की, एकच भाकरी असेल, आणि एका बाजूस मूल व दुसऱ्या बाजूस कुत्रा असेल, तर भाकरी मुलाची. त्याविषयी शंका नाही. परंतु आपण ज्या वेळी कुत्र्यास पाठ दाखवितो त्या वेळी ती वाचलेली भाकरी खरोखर मुलाच्या हाती जाते काय? आम्ही पुलावरून तीनदा गेलो. त्या तीन खेपांत आमचे जे वाचले, त्यातून कोणत्या मुलाची पाटी आली? काहीच नाही. दया ही कणगीतल्या धान्यासारखी मापाने संपणारी वस्तू आहे असे आपण समजतो. ती बहुधा विहिरीसारखी असते, उपसली नाही तर गाळ साचतो.

आणि ह्या प्रसंगात तर ह्याचे प्रमाण आम्हांस प्रत्यक्ष मिळाले. कुत्र्याचे नाव तरी कळावे, हाक मारावयास बरे, म्हणून मावशी त्या बिऱ्हाडाच्या घरी गेली. तेथे कुलूप असेल अशी तिची समजूत होती. कुलूप नव्हते, आत ऊसतोड्याची म्हातारी आई होती. मुलगा निघताना धान्य भरून आणि कुत्र्याला भाकरी घाल असे सांगून गेला होता. पण धान्य सरले, आणि रेशनच्या दुकानातील यंत्रावर तिचा झिजलेला अंगठा उमटेना, म्हणून ती दोनदा रिकाम्या पिशवीने परत आली होती. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मागावयास लाजली. जोवर भाकरी होती तोवर तिने अर्धी कुत्र्यास घातली. मग दोघेही उपाशी राहिली. तिचे पहिले बोलणे हे होते, “मोत्या जिवंत आहे का गं बाई?” आम्ही त्या वस्तीत महिन्यातून एकदा जातो, त्या घराचे दार लोटलेले पाहून आम्हीही तेथे कोणी नाही असेच समजलो होतो. कुत्र्याची भूक रस्त्यावर होती म्हणून ती दिसली. म्हातारीची भूक दाराआड होती. पहिलीच्या मागे कोणी गेले म्हणून दुसरी सापडली. गुरुजींनी हे ऐकिले आणि ते त्याच दिवशी म्हातारीस घेऊन तालुक्यास गेले, व तिच्या धान्याची व्यवस्था लावून परत आले. त्यानंतर त्यांनी तो आक्षेप पुन्हा घेतला नाही.

दुसरा आक्षेप असा की, म्हातारे जनावर किती दिवसांचे? सहा महिन्यांत मरावयाचे, त्याकरिता एवढा खटाटोप कशाला? ज्यांस हा आक्षेप सबळ वाटतो त्यांनी तोच शब्दशः आपल्या घरातील खाटेकडे पाहून उच्चारावा. मनुष्य आणि कुत्रा सारखे नव्हेत; पण “थोडेच दिवस उरले” हे कारण सारखेच आहे, आणि एकदा ते योग्य ठरले म्हणजे ते कुत्र्यापाशी थांबत नाही. स्तोत्रकर्ता वृद्धपणी आपला त्याग होऊ नये अशी विनवणी करितो. ती विनवणी करावयास ज्यास वाचा आहे त्याचीच ती असते असे नव्हे. शिवाय दिवस थोडे उरले म्हणजे त्यांची किंमत कमी होते की वाढते? ज्याच्या गाठी हजार रुपये आहेत त्याचे दहा चोरिले, आणि ज्याच्या गाठी दहाच आहेत त्याचे दहा चोरिले, ह्यांत मोठा अपराध कोणता, हे शाळेतील मूलही सांगेल.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, तर सावधगिरी होय. आम्ही कोणास असे सांगत नाही की, दिसेल ते कुत्रे कवटाळावे. पिसाळरोग हा आजही प्राणघातक आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे मनुष्य बहुतेक वाचत नाही. अनोळखी कुत्र्याने चावा घेतला तर जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर चुना, मिरची वगैरे काही भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. पाश्चरने १८८५ साली एका चावलेल्या मुलास ही लस प्रथम दिली. तेव्हापासून ह्या रोगाने होणारे मरण टाळता येण्याजोगे झाले आहे, आणि तरी दिरंगाईने लोक मरतात. तसेच एखाद्या म्हाताऱ्या प्राण्याचे दुखणे बरे होण्याच्या पलीकडे गेले, तो खाईना, उठेना, आणि वेदनेवाचून त्याचा एक तासही जाईना, अशा वेळी पशुवैद्याच्या हातून त्यास शांतपणे मरण देणे हेही दयेचेच काम असू शकते. परंतु आपला कंटाळा हे त्याचे कारण नसावे; त्याचे दुःख हेच असावे. हे दोन्ही एकमेकांचा वेष घेऊन येतात, म्हणून तो निर्णय एकट्याने करू नये.

चौथी गोष्ट टाकणाऱ्याविषयी. आपल्या देशात १९६० च्या पशुक्रूरता-निवारण कायद्याने प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितीत सबळ कारणावाचून टाकून देणे हा अपराध ठरविला आहे. त्याच कायद्यात पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने सर्व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्यही ठरले. परंतु कायद्याच्या दृष्टीने जे एक आहेत ते नीतीच्या दृष्टीने एक नव्हेत. जो मनुष्य हौसेने मोलाचे पिलू विकत घेतो, ते म्हातारे झाले, घरात घाण करू लागले, म्हणजे मोटारीत घालून दूरच्या रस्त्यावर सोडून येतो, तो एक. आणि ज्याने मुकादमाची उचल घेतली आहे, ज्यास ट्रॉलीत आपल्या आईकरिताही जागा मागता आली नाही, तो दुसरा. पहिल्यास पन्नास रुपये हा दंडच नव्हे. दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपण विचार करावा की, त्याच्यामागे राहिलेल्यांकडे पाहणे हे कोणाचे काम होते? होमर कवीच्या ग्रीक महाकाव्यात युलिसिस राजा वीस वर्षांनी घरी येतो तेव्हा त्याचा कुत्रा उकिरड्यावर गोचिड्यांनी भरलेला पडलेला असतो. धन्यास ओळखून तो शेपूट हालवितो आणि प्राण सोडितो. त्या कुत्र्याची ती दशा धन्याने केली नव्हती. धनी दूर होता, आणि जे घरी होते त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ही कथा वाचताना आपण नेहमी कुत्र्याच्या इमानाची स्तुती करितो. त्या वाड्यात रोज उकिरड्याजवळून जाणारे-येणारे किती होते, हा विचार आपल्या मनात येत नाही. कारण आपण त्यांच्यातलेच असतो.

असे घरी असणारे जेव्हा डोळे उघडतात तेव्हा काय होते, ह्याचेही उदाहरण इतिहासात आहे. १८२४ साली लंडन येथे जनावरांवरील क्रूरपणा थांबविण्याकरिता जी पहिली मोठी मंडळी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत आर्थर ब्रूम नावाचे एक पाळक पुढाकार घेणारे होते; मंडळीस कर्ज झाले तेव्हा त्यांस तुरुंगात जावे लागले. त्या वेळी तेथील कायदा गुरे-घोड्यांपुरताच होता. कुत्र्यांस तो १८३५ साली लागू झाला. पुढे १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईने त्याच शहरात बेवारशी कुत्र्यांकरिता एक आश्रयस्थान काढिले. माणसे उपाशी असता कुत्र्यांचे हे लाड कसले, म्हणून एका मोठ्या दैनिकाने तिची थट्टा केली. ती संस्था आजही चालू आहे. आपल्या मराठी मुलखातही नामदेवाची आख्यायिका मुलाबाळांस ठाऊक आहे: कुत्र्याने भाकरी पळविली, तर हा कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला. थट्टा करणारे त्याही काळी असतीलच.

आता त्या कुत्र्याचे काय झाले ते सांगून लेख पुरा करितो. २०२४ च्या एप्रिलच्या आरंभी टोळी परत आली. संध्याकाळची वेळ होती, आणि मोत्या नेहमीप्रमाणे पुलापाशी होता. ट्रॅक्टरचा आवाज त्यास ऐकू आला नाही. वास आला असावा. ट्रॉलीतून उडी टाकून तो मनुष्य खाली उतरला आणि तेथेच धुळीत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मावशीच्या दारी आला. औषधाचे पैसे किती झाले ते विचारू लागला. मावशीने पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, “बाळा, तुझा कुत्रा तुझ्याकडे. माझे काय, मी रोज पुलापर्यंत चालून आले, गुडघे मोकळे झाले.” तिने शब्द दिल्याप्रमाणे कुत्रा परत केला. कुत्र्याने मात्र हा व्यवहार अर्धाच मानिला. तो रात्री धन्याच्या दारी निजे आणि सकाळी मावशीच्या पडवीत येऊन बसे. आषाढात, पावसाची झड लागली असता, तो त्या दोन घरांच्या मधल्या वाटेवर एका ओसरीत मेलेला आढळला. धन्याने त्यास आपल्या बांधावरील बाभळीखाली पुरिले. मावशी तेथे होती, आणि आम्हीही होतो.

तो कुत्रा कोणाचा, हा प्रश्न आम्ही आरंभी घातला होता. ज्याची चाकरी त्याने केली त्याचा तो ऋणाने होता. ज्यास तो दिसला त्याचा तो दयेने होता. आणि ह्या दोन नात्यांत भांडण असण्याचे कारण नाही, असे त्याने स्वतःच दाखवून दिले. ज्यांस तो दिसला आणि जे पुढे गेले, त्यांचा तो कोणीच नव्हता. आम्ही तीन वेळा त्यांत होतो.

त्या वर्षी दसरा जवळ आला तेव्हा मंडळीने एक गोष्ट केली. टोळ्या निघण्यापूर्वी गुरुजींनी वही घेतली, आणि मागे कोण कोण राहणार आहेत, कोणाच्या घरी कोणते म्हातारे माणूस, कोणते आजारी, कोणते लहान मूल, ह्याची यादी केली. आणि प्रत्येकासमोर मंडळीतील एकेका घराचे नाव लिहिले, की त्या घराने दर दोन दिवसांनी तेथे जाऊन यावे. यादी वाचून झाल्यावर मावशी उठून म्हणाली, आणखी दोन नावे राहिली. ती कुत्र्यांची होती. कोणी हसले नाही. गुरुजींनी ती लिहून घेतली.